औट्रम हे आडनाव छापील मजकुरात शोधताना

चाळीसगावकर
आपल्या चाळीसगाव-कन्नड रस्त्यावरच्या औट्रम घाटाचं आडनाव कुठे कुठे छापलं गेलंय, त्याच्या नोंदी गोळा करतोय. पण शोध टाकला की लखनौची लढाई, कोलकात्याचा घाट, इंग्लंडातले लोखंडी रूळ, सगळं एकाच ढिगात येतं. यातून भिल्ल कोअरवाला (इंग्रजांची भिल्ल पलटण उभारणारा) औट्रम कसा निवडायचा? आणि १८८० च्या खानदेश गॅझेटिअरच्या (सरकारी जिल्हा माहितीग्रंथाच्या) स्कॅनमध्ये इतके कमी निकाल का?

गिरणाकाठ
भाऊ, आधी बापलेक वेगळे करा. बेंजामिन औट्रम (१७६४-१८०५) डर्बीशायरचा इंजिनिअर. त्याचा मुलगा जेम्स (१८०३-१८६३), आपला धरणगावचा, भिल्ल कोअरवाला. शेजारी रूळ, खाण, कालवा असे शब्द दिसले की नोंद बापाची समजा. 'औट्रमवरून ट्राम' हे वाक्यही भेटेल, ते चूक आहे. तो शब्द बेंजामिनच्या आधीपासून खाणीत चालत होता.

जेम्सच्या नोंदीत हुद्दा बघा. १८२५ ला कोअर उभी केली तेव्हा तो लेफ्टनंट होता. नावाआधी 'सर' असेल तर मजकूर १८५६ नंतरचा, मग प्रसंग खानदेशातला का असेना. म्हणून प्रसंगाचं साल आणि छपाईचं साल वेगळ्या रकान्यांत लिहा. इथेच सगळे घसरतात.

सिंधबद्दलचा मजकूर असेल तर लिहिणारा कोणाच्या बाजूचा तेही टिपा. सिंध जिंकणारा इंग्रज सेनापती चार्ल्स नेपिअर आणि औट्रम यांचं त्यावरून वाजलं होतं. नेपिअरची बाजू त्याच्या भावाने १८४५ ला छापली, औट्रमने १८४६ ला स्वतः पुस्तक काढून उत्तर दिलं. एकाच माणसाची दोन चित्रं दिसतात ती यामुळे.

जुनी पानं
स्कॅनचं सांगतो. जुन्या छपाईत शाई पुसट असली की मशीन Outram मधल्या यू ला एन वाचतं आणि शेवटच्या एम चे आर-एन असे दोन तुकडे करतं. म्हणजे 'औट्रम' पानावर असतो, शोधात नसतो. ती चुकीची स्पेलिंगंही टाकून बघा, नाहीतर नाव सोडून 'धरणगाव' आणि 'भिल्ल' शोधा. भिल्लचं स्पेलिंग जुन्या पुस्तकांत डबल ई ने येतं. ओळीच्या शेवटी हायफनने तुटलेलं नाव मात्र शोधात बऱ्याचदा सापडत नाही, त्यासाठी भिल्ल कोअरची पानं डोळ्यांनीच वाचा.

मराठीतही औट्रम, आऊट्रम, आउटराम असं काहीही छापलेलं असतं. ही सगळी रूपं टाका.

कन्नडकर ताई
'घाट' शब्दाने फसू नका, दादा. कोलकात्याचा औट्रम घाट हुगळीचा धक्का आहे, तिथे बोटी लागतात. आपला म्हणजे डोंगराची चढण. आणि घाट चढून वर आलं की तेव्हा निजामाचं राज्य. त्यामुळे कन्नडच्या बाजूचं खानदेशच्या गॅझेटिअरात शोधत बसू नका. औरंगाबादचं वेगळं आहे, १८८४ चं, ते उघडा.