मदत हवी आहे: मनीप्लांट घरातली जाळी धरत नाही

खिडकीपाशी: पुण्यातला फ्लॅट. दिवाणखान्यात ८ इंची प्लास्टिकच्या कुंडीत मनीप्लांट, मागे ३ फूट उंच बांबूची जाळी, चौकटी साधारण ४ इंचांच्या. पूर्वेची खिडकी ७ फुटांवर. वेल ५ फूट वाढलीय, पण जाळी स्वतःहून धरत नाही. पट्ट्यांमधून ओवून दिली की काही दिवसांत शेंडा खिडकीकडे वळून बाहेर येतो. नवी पानं आधीच्या पानांपेक्षा लहान, दोन पानांमध्ये ५-६ इंच मोकळी काडी. जाळी शक्यतो हीच ठेवायची आहे. काय करावं?

काथ्याकूट: मनीप्लांट गुंडाळत चढणाऱ्यातली वेल नाही. गोकर्ण काठीभोवती पीळ घालते, कृष्णकमळ तणाव्यांनी पकडतं. मनीप्लांट पेरांवर (पान फुटतं त्या गाठींवर) फुटणाऱ्या हवाई मुळांनी चिकटतो. त्या मुळांना ओलसर, खरखरीत पृष्ठभाग लागतो. गुळगुळीत कोरड्या बांबूत तो मिळत नाही, म्हणून कितीही ओवा, वेल नुसती लटकून राहणार.

जाळी ठेवता येईल. मधल्या दोन उभ्या पट्ट्यांना खालपासून वरपर्यंत काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा, वेढ्यांत फट नको. दोरी आधी २४ तास पाण्यात बुडवून ठेवा आणि मधे दोनदा पाणी बदला, काथ्यात बरेचदा क्षार असतात. मग वेलीची मुळांच्या गाठी असलेली बाजू काथ्याकडे करून दर दुसऱ्या पेरापाशी बांधा. सुती चिंधीची अर्धा इंच रुंद पट्टी किंवा जुन्या टी-शर्टची कापलेली पट्टी चांगली. आठच्या आकड्यासारखा फास, आत करंगळी शिरेल इतका सैल. गाठ खोडाला घाला, पानाच्या देठाला नको. देठ बांधला की पान उजेडाकडे वळू शकत नाही आणि पिवळं पडतं. तार तर नकोच, खोड जाड झालं की ती आत रुतते.

हिरवी फांदी: बांधणीइतकाच उजेड महत्त्वाचा. ७ फुटांवर वेल जगते, पण लांब कांड्या आणि लहान पानं ही उजेड कमी पडल्याचीच खूण. कुंडी खिडकीपासून २-३ फुटांवर आणा. सकाळचं कोवळं ऊन तासभर चालतं, दुपारचं थेट ऊन पानं भाजतं. जाळी खिडकीच्या विरुद्ध बाजूला आणि वेल खिडकीच्या बाजूला राहील अशी कुंडी ठेवा. काठीवरच्या झाडाची कुंडी फिरवली तर चालतं, सपाट जाळीची फिरवू नका. सगळी पानं पुन्हा उलटी वळत बसतात आणि झाड विस्कटलेलं दिसतं.

खिडकीपाशी: आत्ताची ५ फुटांची वेल तशीच बांधू? आणि काथ्या ओला किती ठेवायचा?

काथ्याकूट: तशीच बांधण्यात फायदा नाही. जुन्या भागावरच्या मुळांच्या गाठी वाळून तपकिरी झाल्या असतील तर त्या क्वचितच पुन्हा वाढतात, आणि उघड्या कांड्यांवर पानं परत येत नाहीत. कुंडीपाशी ३-४ पेरं ठेवून पेराच्या अर्धा इंच वर छाटा. वरच्या भागाचे दोन-दोन पेरांचे तुकडे करून पाण्यात ठेवा, एक पेर बुडालेलं हवं. उबदार दिवसांत दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. ४-५ तुकडे त्याच कुंडीत जाळीच्या पायथ्याशी लावले की खालून भरगच्च दिसतं. हे जूनमध्ये करा, हवेतली ओल फुकट मिळते. एप्रिल-मेमध्ये काथ्या सकाळी भिजवला तरी संध्याकाळपर्यंत कोरडा होतो. तेव्हा दिवसातून दोनदा वरून हळूहळू पाणी सोडा. नुसती फवारणी पुरत नाही, वरचा थरच ओला होतो. जाळीच्या मागच्या भिंतीपासून २-३ इंच अंतर ठेवा, नाहीतर रंगाला बुरशी लागते.

सावलीतली जाई: थोडा मतभेद. एसीच्या खोलीत काथ्या टिकवणं कटकटीचं आहे. तिथे मोठ्या भोकांच्या प्लास्टिक जाळीची नळी करून त्यात भिजवलेला स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) भरावा, तो कितीतरी जास्त वेळ ओल धरतो. महाग पडतो, हे खरं. नर्सरीतल्या तयार काठ्यांवर बहुतेक वेळा पीव्हीसी पाइपवर काथ्याचा पातळ थर चिकटवलेला असतो, त्यावर फार भरवसा ठेवू नका.

आणि प्लास्टिकची ८ इंची कुंडी ३ फुटी जाळीसकट वरून जड होऊन कलंडते. १० इंची मातीची कुंडी घ्या. दोन भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू. बांबूचे पाय मातीत कुजतात. पायांना प्लास्टिक पाइपचे तुकडे चढवून मग रोवा.

हिरवी फांदी: काथ्या भिजवलेलं पाणी कुंडीत उतरतं, हे धरूनच मातीला पाणी द्या. वरची दोन इंच माती कोरडी झाल्याशिवाय वेगळं पाणी नको; मुळं कुजण्याचं नेहमीचं कारण जास्त पाणी हेच, शिवाय चिलटं होतात. बांधलेल्या पट्ट्यांखाली पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) लपतो, महिन्यातून एकदा पट्ट्या सोडून बघा आणि दिसला तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. मुळांनी काथ्या पकडला की त्या ठिकाणची पट्टी काढून टाका. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर खालची पानं हाताबाहेर ठेवा. चघळली तर तोंडाची आग होते.

खिडकीपाशी: कुंडी आजच खिडकीजवळ सरकवली. छाटणी पहिल्या पावसानंतर. खत कधी?

काथ्याकूट: छाटणीनंतर नवी दोन पानं उघडेपर्यंत काही नको. मग १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरभर पाण्याला १ ग्रॅम, वीस दिवसांतून एकदा, ओल्या मातीत. डिसेंबर-जानेवारीत बंद.