रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत सगळ्या अंकप्रकारांना चालेल असं जेनेरिक फंक्शन कसं लिहावं?

फोंड्याचा: आमच्या भागातल्या एका बागायतदाराच्या हिशेबासाठी लहानशी लायब्ररी लिहितोय. नारळांचे नग यू१६ (१६ बिटांचा, ऋण नसणारा पूर्णांक), काजूबियांचं वजन एफ६४ (दशांश अंक), रक्कम पैशांत म्हणून आय६४ (६४ बिटांचा पूर्णांक). बेरीज, सरासरी आणि कमाल एकदाच लिहून तिन्हींना चालवायची आहेत. नम-ट्रेट्स क्रेट (तयार लायब्ररी) घेऊ की मॅक्रो (कोड तयार करणारा साचा) लिहू?

सत्तरीकर: क्रेट घ्या. स्टँडर्ड लायब्ररीत 'कोणताही अंक' असा ट्रेट (प्रकाराला काय करता यावं याचा करार) नाही. पण क्रेटमधला 'नम' सरसकट लावू नका. बेरजेला झिरो आणि अ‍ॅड पुरतात, तेवढेच बाउंड (प्रकारावरच्या अटी) मागा.

खरी अडचण बेरजेच्या प्रकारात आहे. पाडेल्याने (नारळ उतरवणाऱ्याने) एका खेपेत उतरवलेले नग यू१६ मध्ये मावतील, पण तो प्रकार ६५,५३५ वर संपतो. हंगामाची बेरीज त्यापुढे जाऊ शकते. डीबग (चाचणीचा) बिल्ड तिथे पॅनिक होईल, म्हणजे प्रोग्राम थांबेल. रिलीजमध्ये (अंतिम बिल्डमध्ये), सेटिंग बदललं नसेल तर, आकडा मुकाट्याने शून्यापासून पुन्हा सुरू होईल, आणि ते जास्त घातक. स्वतःचा छोटा ट्रेट करा, त्यात असोसिएटेड टाइप (प्रत्येक प्रकाराला जोडलेला बेरजेचा प्रकार) ठेवा: यू१६ साठी यू६४, आय६४ साठी आय१२८, एफ६४ साठी एफ६४च. तीनच इम्प्ल (ट्रेटची अंमलबजावणी) होतात, मॅक्रो कशाला?

मांडवीकाठ: सी++ मध्येही हेच दुखणं. अ‍ॅक्युम्युलेट या बेरजेच्या फंक्शनला सुरुवातीचं मूल्य नुसतं ० दिलं की डबलची (दशांश अंकांची) बेरीज इंटमध्ये (पूर्णांकात) होते, दशांश प्रत्येक पायरीला गळतात.

सरासरी मात्र जेनेरिक करू नका असं माझं ठाम मत. पूर्णांकांत ७ भागिले २ म्हणजे ३. पैशांचं राउंडिंग कसं करायचं ते बागायतदाराला विचारा, टाइप सिस्टिमला नाही. आय६४ वरून एफ६४ ला रस्ट 'फ्रॉम' (बिनधोक रूपांतर) देत नाही, कारण २ च्या ५३ व्या घातापलीकडचे सगळे पूर्णांक तिथे नेमके बसत नाहीत.

फोंड्याचा: पटलं, सरासरी वेगवेगळी लिहितो. कमालला ऑर्ड (पूर्ण क्रम लावता येण्याचा ट्रेट) लावलं तर एफ६४ वर कंपाइलर अडवतो, त्याचं काय?

सत्तरीकर: नॅनमुळे ('अंक नाही' असं सांगणारं मूल्य). त्याच्याशी कशाचीच लहानमोठी तुलना होत नाही, म्हणून एफ६४ ला फक्त पार्शलऑर्ड (अपूर्ण क्रम) आहे. रस्ट १.६२ पासून टोटल_सीएमपी (पूर्ण क्रमाची तुलना) मिळतं, पण त्यात धन नॅन सगळ्यांत मोठा ठरतो. काट्याचं बिघडलेलं वाचन कमाल वजन म्हणून छापलं जाईल. आधी इज_नॅनने गाळा. आणि रिकाम्या यादीसाठी कमाल, सरासरी दोन्हींतून ऑप्शन (मूल्य आहे किंवा नाही असं सांगणारा प्रकार) परत करा.