मदत हवी आहे: इनस्क्रिप्टवर मराठी टाइप करून उजवी करंगळी दुखते, टेबल-कीबोर्डमध्ये काय बदलू?

नमस्कार मंडळी,

मी घरून डीटीपीचं काम करते. हस्तलिखितं टाइप करणं, प्रुफं दुरुस्त करणं, पानं लावणं. एरवी काम बेताचं असतं, पण आषाढ सरला की दिवाळी अंकांचा मजकूर यायला लागतो आणि मग दसऱ्यापर्यंत दम खायला फुरसत नसते. गेल्या हंगामात उजव्या हाताची करंगळी आणि तळहाताची बाहेरची कड दुखायला लागली. आता सकाळी उठल्यावर करंगळी आणि अनामिकेत मुंग्या येतात, कोपरापर्यंत कळ जाते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हाताला विश्रांती द्या म्हणाले. विश्रांती दिली की बरं वाटतं, काम सुरू केलं की पहिले पाढे पंचावन्न.

माझी बैठक अशी: नेहमीचं ३० इंची लाकडी टेबल, चाकांची खुर्ची, जाड बटणांचा साधा मोठा कीबोर्ड (मागचे पाय उघडलेले), उजवीकडे माउस, आणि हस्तलिखित डावीकडे टेबलावर आडवं ठेवलेलं. माझी उंची ५ फूट १ इंच.

नेटवर सल्ले भरपूर वाचले, पण ते सगळे इंग्रजी टायपिंग धरून दिलेले आहेत. माझा संशय इनस्क्रिप्टवर आहे, म्हणजे कुठलं मराठी अक्षर कुठल्या बटणावर हे ठरवणाऱ्या त्या मांडणीवर (लेआउटवर). टाइपरायटरवर मिनिटाला ३० शब्दांची मराठीची परीक्षा मी रेमिंग्टन या वेगळ्या मांडणीवर दिली होती, नंतर कामासाठी इनस्क्रिप्ट शिकले आणि हात त्यावरच बसला. आता ‘त्यांच्या’ हा शब्द घ्या. त, पायमोड, य, काना, अनुस्वार, च, पायमोड, य, काना: नऊ बटणं. त्यात य स्लॅशच्या बटणावर आणि च सेमीकोलनच्या, म्हणजे उजवी करंगळी तीनदा. पायमोड डी वर आणि काना ई वर, म्हणजे डावं मधलं बोट चारदा. ज, ट, ड हेही उजव्या करंगळीच्याच वाट्याला. वर एंटर आणि बॅकस्पेस आहेतच. मराठीत ‘च्या’ आणि ‘ल्या’शिवाय वाक्य पुढे सरकत नाही, मग त्या एका बोटाने करायचं काय?

लेआउट बदलावा की कीबोर्ड बदलावा की टेबल? महागडं काही झेपणार नाही, पाच-सहा हजारांच्या आत बसवायचं आहे. एक अडचण आधीच सांगते. काही प्रकाशक अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्येच काम मागतात. तिथे काही चिन्हांसाठी आल्ट धरून आकडे मारावे लागतात, म्हणून नंबरपॅड सोडता येत नाही.

मोजपट्टी:
कीबोर्ड नंतर बघू, आधी टेबल. खुर्चीत नीट बसा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात ठेवा आणि कुणाला तरी जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरायला सांगा. तुमच्या उंचीला आकडा २४ इंचांच्या आसपास येईल. कीबोर्ड आहे ३० वर. तुम्ही दिवसभर खांदे उचलून टाइप करताय आणि मनगटं वरच्या बाजूला मोडताय. कीबोर्डचे मागचे पाय आजच मिटवा, ते उघडले की मनगट आणखी वाकतं.

उपाय दोन. खुर्ची पूर्ण वर घ्या आणि पायाखाली काहीतरी भक्कम ठेवा. एक पाट पुरणार नाही, पाचेक इंच उंची लागेल. नाहीतर सुताराला बोलवून टेबलाचे पाय कापून घ्या. लाकडी टेबल आहे, तासाभराचं काम. लोक हजारोंचे कीबोर्ड घेतील पण टेबलाला करवत लावायची म्हटलं की जिवावर येतं! टेबल खाली गेलं की स्क्रीनही खाली जाईल, तेव्हा तिच्याखाली जुने दिवाळी अंक रचा. वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. फक्त चष्मा बायफोकल असेल तर स्क्रीन थोडी खालीच ठेवा, नाहीतर हनुवटी वर करून बघाल आणि मानेचं नवीन दुखणं लागेल.

नंबरपॅड सुटा मिळतो, यूएसबीचा, स्वस्त असतो. तो डावीकडे ठेवा आणि मुख्य कीबोर्ड बिनपॅडचा घ्या. माउस तेवढा जवळ येईल.

हातमोजे_नकोत:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. हात न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही बोटं नेमकी सांगितलीत म्हणून लिहिते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर संशय मनगटात नस दाबली जाण्यावर, ज्याला कार्पल टनेलचा त्रास म्हणतात. करंगळी आणि अनामिकेची नस वेगळी, अल्नर. ती कोपराच्या आतल्या बाजूच्या खोबणीतून जाते. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच. त्यामुळे मूळ कीबोर्डवरच असेल असं नाही.

विचारते: प्रुफं वाचताना कोपर टेबलाच्या कडेवर टेकवता का? फोन कानाला लावून बराच वेळ बोलता का? झोपताना हात दुमडून उशाखाली घेता का? तिन्हींत कोपर वाकलेलं राहतं किंवा दाबलं जातं. सकाळच्या मुंग्या बहुतेक झोपेतल्या आहेत. रात्री कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळून झोपा, म्हणजे ते पूर्ण दुमडणार नाही. औषधाच्या दुकानातला मनगटाचा पट्टा आपल्या मनाने आणू नका, तो बहुधा वेगळ्या दुखण्यासाठी असतो.

पकड सैल वाटू लागली, बरणीचं झाकण उघडेना, किंवा अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग बसलेला दिसला तर हंगाम संपायची वाट न पाहता हाडांच्या किंवा नसांच्या डॉक्टरांकडे जा. नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे नस संदेश नीट नेते का ते बघणारी चाचणी, करायला सांगतील. सुरुवातीला ती नॉर्मलही येऊ शकते, म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी त्रास चालू असेल तर पुन्हा दाखवा.

आणि हो, कपडे पिळणं आणि कणीक मळणं काही दिवस घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या. कीबोर्डवर वाचवलेला हात मोरीत खर्ची पडतो.

धागाकर्ती:
@हातमोजे_नकोत ताई, तिन्हींचं उत्तर हो! टेबलाची कड तर कोपराला रुततेच. लेखकांचे फोन अर्धा-अर्धा तास चालतात, तेही उजव्याच कानाला. आजपासून इअरफोन. कपडे पिळण्याचं घरात जाहीर केलं आहे, पडसाद संमिश्र आहेत.

खिळेजुळारी:
तुम्ही ‘त्यांच्या’ मोजलंत, आता ‘आणि’ मोजा. आ म्हणजे शिफ्ट आणि ई. ण म्हणजे शिफ्ट आणि सी. मग वेलांटी. ई आणि सी दोन्ही डाव्या हाताला, म्हणून शिफ्ट उजव्या करंगळीने धरायची. तीन ठोक्यांत दोनदा करंगळी ताणली. अ, आ, इ, ई, उ, ए, ओ सगळे स्वर असेच. तुमच्या बोटाला यापेक्षा जास्त त्या धरून ठेवलेल्या शिफ्टने छळलं असणार, असा माझा अंदाज.

यावर फुकटातला इलाज विंडोजमध्येच आहे, स्टिकी कीज. शिफ्ट पाचदा दाबली की चालू करायचं का ते विचारतो. मग शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. दाबा, सोडा, मग अक्षर दाबा. सुरुवातीला चिडचिड होते.

दुसरं, ऑटोहॉटकी नावाचा फुकट प्रोग्राम घ्या. झेडच्या बटणाचं मराठीत काही काम पडत नाही. त्याला सांगायचं, झेड दाबलं की पायमोड, य आणि काना ही तीन बटणं ओळीने मार. म्हणजे झेड झालं ‘्या’. मग ‘त्यांच्या’ होतो त, झेड, अनुस्वार, च, झेड. नवाची पाच बटणं झाली आणि उजव्या करंगळीला एकच ठोका उरला. ‘ऱ्या’ हवा असेल तर ऱ आणि झेड. इंग्रजी लिहिताना झेड परत हवा, म्हणून स्क्रोल लॉकचा दिवा लागलेला असेल तरच हे चालावं अशी अट घाला. त्या बटणाला तसंही दुसरं कोण विचारतं?

महत्त्वाचं म्हणजे प्रोग्रामला युनिकोड अक्षरं पाठवायला लावू नका, बटणंच दाबायला लावा. तरच जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्येही चालायची शक्यता आहे. आधी एका रिकाम्या पानावर करून बघा.

चहापोहे:
एवढा खटाटोप कशाला? फोनेटिक घ्या. रोमनमध्ये लिहायचं, मराठी उमटतं. किंवा सरळ बोला, गुगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग मराठी उत्तम घेतं.

धागाकर्ती:
फोनेटिक करून पाहिलं. रोमनमधून मराठी म्हणजे पावलोपावली ए हे अक्षर, आणि ते डाव्या करंगळीखाली. उजवीचं दुखणं डावीला द्यायचं एवढंच.

बोलून टाइप करणं मात्र अर्धं जमतंय. सरळ लेख, मुलाखत, प्रवासवर्णन असेल तर हस्तलिखित मोठ्याने वाचते आणि काम चांगलं होतं. विरामचिन्हं हातानेच घालावी लागतात. पण ग्रामीण कथा आली, संवाद मालवणीत किंवा अहिराणीत असले, की ते यंत्र सगळ्यांना प्रमाण मराठीत बोलायला लावतं. लेखक माझा जीव घेतील. कविता तर नकोच. छापील जुना मजकूर मिळाला तर स्कॅन करून गुगल ड्राइव्हवर डॉक्समध्ये उघडते. तो मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखतो आणि टाइप करण्याऐवजी तपासायचंच काम उरतं.

आयटीवाला_हिंजवडी:
आमच्याकडे बरेच जण दोन तुकड्यांचे, मधून फाकवलेले कीबोर्ड वापरतात. मनगट बाहेरच्या बाजूला मोडत नाही, हा खरा फायदा. पण इनस्क्रिप्टवाल्यांनी डोळे झाकून घेऊ नये. लहान आकाराच्या कीबोर्डांत पी आणि सेमीकोलनच्या पलीकडची बटणं गाळलेली किंवा दुसरीकडे हलवलेली असतात. इंग्रजीवाल्याला तिथे फक्त कंस आणि अवतरणचिन्ह लागतं, तुमचे ट, ठ, ड, ढ तिथे राहतात. फोटोत ती बटणं मोजून मगच पैसे द्या.

तुमच्या पैशात बिनपॅडचा मेकॅनिकल कीबोर्ड बसेल. हलक्या स्प्रिंगचा घ्या, लाल स्विच म्हणतात तो. साधारण ४५ ग्रॅमच्या दाबाला बटण खाली जातं, निळ्याला ६० लागतात. शिवाय निळा कटकट आवाज करतो, घरच्यांना त्रास. मेकॅनिकल उंच असतो, टेबल कापताना तेही धरा. पुढे तळहाताची उशी ठेवलीत तर थांबल्यावर टेकायला ठेवा. टाइप करताना मनगट तिच्यावर दाबून धरू नका.

खिळेजुळारी:
आणखी एक. टाइपरायटरवर ओळ संपली की हात उचलून कॅरेज ढकलावं लागे, पान संपलं की कागद बदलावा लागे. हाताला आपोआप उसंत मिळायची. आता तीनशे पानं एका जागी बसून होतात. वर्करेव्ह नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो ठरावीक वेळाने स्क्रीन अडवतो. फार आगाऊ आहे, पण आगाऊच लागतो.

धागाकर्ती:
काय काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल.

टेबल कापलं. सुतार दोनदा म्हणाला, “ताई, नक्की ना?” खांद्यांना पहिल्याच आठवड्यात फरक पडला. हस्तलिखितासाठी स्वयंपाकाच्या पुस्तकाचा स्टँड होता, तो स्क्रीनच्या शेजारी उभा केला. मान डावीकडे खाली घालून बसणं बंद झालं. बिनपॅडचा लाल स्विचचा कीबोर्ड आणि सुटा नंबरपॅड घेतला. माउस डाव्या हाताला नेला. पानं लावायचा वेग निम्म्यावर आला होता, आता सावरतोय. झेडची युक्ती मात्र सोन्यासारखी निघाली, जुन्या फॉन्टमध्येही चालली. टॉवेलमुळे सकाळच्या मुंग्या खूप कमी झाल्या. टेस्ट केली, डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही असं सांगून तीन महिन्यांनी परत बोलावलं आहे.

राहिलं काय, तर शिफ्ट. स्टिकी कीजशी माझं जमत नाही. एक शिफ्ट चुकून दाबली गेली की पुढचं अक्षर भलतंच उमटतं, आणि दुरुस्तीला बॅकस्पेस, तोही उजव्याच करंगळीने. पायाने शिफ्ट देता येईल असं काही मिळतं का? शिलाई मशीन वर्षानुवर्षं चालवलं आहे, पायाला सवय आहे.

आयटीवाला_हिंजवडी:
मिळतं. यूएसबी फूट स्विच म्हणून शोधा. कॉम्प्युटरला तो कीबोर्डच वाटतो, त्यामुळे कुठलंही सॉफ्टवेअर त्याला नकार देत नाही. घेण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा. पाय दाबून ठेवला तोवर बटण दाबलेलं राहतं का (काही पेडल एकदाच ठोका देऊन सोडतात, ते शिफ्टला चालत नाहीत), आणि नुसती शिफ्ट त्याला नेमून देता येते का. तीन पेडलांचा घेतलात तर दुसऱ्यावर बॅकस्पेस टाका. तळाला रबर असलेला जड बघून घ्या, हलका असला की फरशीवर सरकत टेबलाखाली जातो.

मोजपट्टी:
आणि खुर्चीची चाकं काढा किंवा लॉक करा. पेडल दाबलं की खुर्चीच मागे जाईल.