‘लवाद’ म्हणजे माणूस, मंडळ की प्रक्रिया? (निमित्त : एक चिनी करार)

कागदकाम :
मंडळी, एका शब्दापाशी अडकले आहे. इचलकरंजीचा माझा चुलतभाऊ चीनमधून रेपिअर माग आणतोय. करार दोन रकान्यांत, डावीकडे चिनी, उजवीकडे इंग्रजी. काकांना इंग्रजी वाचता येत नाही आणि न वाचता सही करायची त्यांना सवय नाही, म्हणून मराठी करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. भाव, बयाणा, सुटे भाग, बोटीचं भाडं, सगळं निभावलं. शेवटून दुसऱ्या कलमाचं मी असं केलं :

“वाद उद्भवल्यास तो लवादाकडे सोपवला जाईल. लवाद आपल्या नियमांनुसार लवाद करील व लवादाचा निर्णय अंतिम राहील.”

काकांनी चष्मा वर केला नि म्हणाले, “ह्यो लवाद म्हंजे कोण गं? एक माणूस हाय का चार? आणि बसतोय कुठं?” मला तीनपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याच मराठीतून देता येईना. मूळ मजकुरात चीनच्या आंतरराष्ट्रीय आर्थिक व व्यापार लवाद आयोगाचं, म्हणजे ‘सिएटॅक’चं पूर्ण नाव आहे. मी ते लांबलचक वाटलं म्हणून गाळलं होतं. सुचवा काहीतरी.

कोर्टाची पायरी :
ताई, ते नाव आधी परत घाला, शब्द नंतर पाहू. चीनमध्ये नुसतं ‘वाद लवादाकडे जाईल’ एवढ्यावर भागत नाही. तिथल्या १९९४ च्या लवाद कायद्याच्या कलम १६ मध्ये तीन गोष्टी मागितल्या होत्या : लवादाकडे जायची इच्छा, कोणते वाद जाणार ते, आणि निवडलेला लवाद आयोग. आयोग ठरलेला नसेल आणि नंतरही एकमत झालं नाही, तर कलम १८ प्रमाणे करारातली ती तरतूदच रद्दबातल. आपल्याकडे दोघांनी मिळून एखादे निवृत्त न्यायाधीश नेमले, त्यांच्या बंगल्यावर बसले, की झाला लवाद. चीनच्या हद्दीत हे चालत नव्हतं. २०२५ मध्ये कायदा सुधारला, १ मार्च २०२६ ही अंमलाची तारीख. त्यातही संस्थेविना लवादाला वाट दिली आहे ती परदेशाशी संबंध असलेल्या सागरी वादांना आणि मुक्त व्यापार क्षेत्रांतल्या कंपन्यांसारख्या ठरावीक मंडळींना. मागाच्या खरेदीत त्याचा उपयोग नाही.

तेव्हा तुमच्या एका कलमातले ‘लवाद’ वेगवेगळे आहेत. पहिला आयोग, म्हणजे संस्था, तिचं कार्यालय नि नियमावली. दुसरा त्या एका तंट्यापुरता बसलेला एक किंवा तीन जणांचा गट. तिसरी प्रक्रिया. आणि त्या गटातला एकेक माणूस, तोही लवादच! काकांचा प्रश्न अगदी वर्मी बसलाय.

शांघायचा चहा :
मी सात वर्षं तिकडे होतो, म्हणून चिनी बाजू सांगतो. लवादाला ते ‘जोंगत्साय’ म्हणतात. माणूस ‘जोंगत्साय-युआन’, गट ‘जोंगत्साय-थिंग’, संस्था ‘जोंगत्साय वेइयुआनह्वे’. शेपटी बदलली की अर्थ बदलला, घोटाळा नाही. आपण शेपट्या छाटून टाकल्यात.

शब्दही मोठा गमतीचा आहे. ‘जोंग’ म्हणजे मधला. भावंडांची पाठ मोजायच्या जुन्या पद्धतीत दुसऱ्या मुलाला हे अक्षर लावत. ‘त्साय’ म्हणजे कापणं, तेही कापड कापणं. अक्षराच्या पोटात ‘वस्त्र’ हे चिन्ह आहे, आणि शिंप्याला म्हणतात ‘त्सायफंग’, कापणारा-शिवणारा. दोघांच्या मध्ये उभं राहून कात्री चालवणारा तो जोंगत्साय.

मोडीवाला :
वा! आणि आपला ‘निवाडा’ निवडण्यातून आलेला. सुपात तांदूळ घेऊन खडे बाजूला काढायचे. तिकडे कात्री, इकडे सूप. भूसंपादनाच्या कागदात ‘निवाडा जाहीर झाला’ असं आजही येतं, म्हणजे शब्द जिवंत आहे. लवादाच्या ‘निर्णया’पेक्षा ‘निवाडा’ लिहा. निर्णय काय, जेवायला कुठे जायचं याचाही घेतात.

आता माझा आवडता शब्द. पेशवाईत तंटा पंचायतीपुढे गेला की दोन्ही पक्ष आधी लिहून द्यायचे, ‘पंच सांगतील ते आम्हांस मान्य’. त्या कागदाला नाव होतं राजीनामा! राजी असल्याचा नामा. जिंकला त्याला निवाडपत्र, हरला त्याच्याकडून येजितखत, म्हणजे हरल्याची लेखी कबुली. म्हणजे ज्याला आज वकील लोक ‘आर्बिट्रेशन अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतात त्याला आपल्याकडे चोख शब्द होता, आणि आपण तो मंत्र्यांना देऊन टाकला. ‘पंचाईत’चंही तेच. न्याय देणारी सभा होती, आता ‘कुलूप लागलं नि किल्ली आत, मोठी पंचाईत झाली’.

कोर्टाची पायरी :
मोडीवाले काका, काकांच्या करारात ‘दोन्ही पक्ष राजीनामा देत आहेत’ असं लिहिलं तर माग यायच्या आधी कारखाना बंद पडेल.

मोडीवाला :
मान्य. पण हळहळ वाटायची ती वाटतेच.

कागदकाम :
मग ‘मध्यस्थ’ चालेल का? हिंदीत तोच आहे. आपला १९९६ चा कायदा हिंदीत ‘माध्यस्थम् और सुलह अधिनियम’ आहे.

कोर्टाची पायरी :
अजिबात नको! हिंदी कायद्यातला मध्यस्थ निवाडा देतो. मराठीतला मध्यस्थ लग्न जुळवतो, जमिनीचा सौदा करतो, भांडण मिटवतो. त्याचं कुणी ऐकलं तर ऐकलं. हिंदीवाल्यांनी मध्यस्थ हा शब्द इकडे खर्चून टाकला, म्हणून २०२३ च्या मीडिएशनच्या कायद्याला त्यांना ‘मध्यकता’ असा शब्द घडवावा लागला. हिंदीवरून मराठी करणारी काही भाषांतरं हा गोंधळ आयात करतात. मी एका कागदात ‘मध्यस्थाचा निर्णय बंधनकारक’ वाचलंय आणि अशिलाला पंधरा मिनिटं समजावत बसलोय.

चीनच्या बाबतीत तर हा फरक फारच सांभाळा. तिथे एकच माणूस दोन्ही टोप्या घालू शकतो.

शांघायचा चहा :
बरोबर. समेट घडवण्याला ते ‘त्याओजिए’ म्हणतात. चाललेल्या लवादातच, दोन्ही पक्षांची हरकत नसेल तर तेच लवाद मधूनच समेट घडवायला बसतात. जमलं तर उत्तम, नाही जमलं तर पुन्हा लवादाच्या खुर्चीवर. तिथे हा गुण मानतात. आपल्याला खटकतं, कारण समेटाच्या बोलण्यात आपण मनातलं सांगून बसलेलो असतो.

याच्यावर हाँगकाँगमध्ये एक गाजलेला खटला आहे, किनआय. शियानच्या लवाद आयोगापुढे शेअर-हस्तांतराचा तंटा होता. आयोगाचे सरचिटणीस आणि एक लवाद, असे दोघे शियानच्या शांग्रिला हॉटेलात जेवायला बसले, समोर प्रतिवादींच्या जवळचा एक माणूस. तोडगा सांगितला : प्रतिवादींनी २५ कोटी युआन द्यावेत. आणि त्या माणसाला सांगितलं की प्रतिवादींवर ‘ज्वो गोंगज्वो’ कर. शब्दशः ‘काम कर’. प्रतिवादींनी पैसे द्यायला नकार दिला. पुढे निवाडा त्यांच्या विरुद्ध गेला, मात्र त्यात २५ नव्हे, ५ कोटींच्या भरपाईची, तीही उलट त्यांनाच देण्याची शिफारस होती.

निवाडा अंमलासाठी हाँगकाँगला आला. २०११ मध्ये खालच्या न्यायालयानं, यात पक्षपाताचा वास येतो म्हणून अंमल नाकारला. त्याच वर्षी अपील न्यायालयानं तो फिरवला. हरकत होती तर शियानमध्येच घ्यायची होती, आणि शियानच्या न्यायालयाला त्यात वावगं दिसलं नव्हतं, यांना वजन दिलं गेलं.

आता सांगा, ‘ज्वो गोंगज्वो’ला मराठी काय? इंग्रजीत नेलं की त्याला दमदाटीचा वास लागतो. चिनी माणसाच्या कानाला तो तसा नाही, घरची माणसंही एकमेकांवर हे ‘काम’ करतात.

कागदकाम :
‘समजूत काढ’? ‘गळ घाल’?

मोडीवाला :
‘मनधरणी’त खाली वाकणं आलं, ‘दबाव’मध्ये दंडुका आला. ‘चार गोष्टी समजावून सांग त्यांना’ हे जवळ जातं. मराठीतही हे वाक्य आईनं म्हटलं तर माया, फौजदारानं म्हटलं तर धमकी. सगळा खटला या फटीत बसलाय की काय असं वाटतं.

कोर्टाची पायरी :
खटल्यात अजून बरंच होतं, पण हे मला पटलं.

काकांचा तिसरा प्रश्न राहिला, ‘बसतोय कुठं?’ इथे इंग्रजी ‘सीट’ला ‘आसन’ करू नका, ती चूक सगळीकडे दिसते. सीट म्हणजे खुर्च्या मांडायची जागा नव्हे. त्या लवादावर कोणत्या देशाच्या न्यायालयाची देखरेख, निवाडा रद्द करायचा तर कुणाकडे जायचं, ते सीटवरून ठरतं. सुनावणी सोयीनं सिंगापूरच्या हॉटेलातही होते, ती ‘व्हेन्यू’. या दोहोंतल्या फरकावर आपलं सर्वोच्च न्यायालय २०१२ च्या बाल्को निकालापासून किती वेळा लिहितंय.

चिनी कायद्यात तर ही संकल्पना बरीच वर्षं धूसर होती, तिथे निवाड्याचं गोत्र जागेवरून नाही तर संस्थेवरून ठरायचं. पॅरिसच्या आयसीसीनं (आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळ, क्रिकेटवालं नव्हे) चीनमध्ये बसून दिलेला निवाडा चिनी की परदेशी? २००९ मध्ये निंगबोच्या न्यायालयानं अशा एका निवाड्याला ‘देशी नसलेला’ मानलं. २०२० मध्ये ग्वांगजौच्या न्यायालयानं, ग्वांगजौत झालेला म्हणजे चिनीच, असं धरलं. २०२५ च्या सुधारणेनं ‘जोंगत्साय-ती’, लवादाची भूमी, कायद्यात स्पष्ट आणली.

मोडीवाला :
मग सरळ आहे. सीटला ‘ठाणे’, व्हेन्यूला ‘मुक्काम’. ठाणं म्हणजे अंमल कुणाचा ते. मुक्काम आज इथे, उद्या तिथे.

शांघायचा चहा :
‘लवादाचे ठाणे मुंबई राहील.’ वाचणारा विचारेल, नक्की ठाणे की मुंबई? लोकल कोणती पकडू?

मोडीवाला :
😄 ‘अंमलाचे ठाणे’ लिहा मग.

कोर्टाची पायरी :
मी ‘कायदेशीर ठाणे’ म्हणेन. ‘मुक्काम’ मात्र शंभर टक्के उचलला.

जाता जाता दोन गोष्टी. शहराचं आणि शाखेचं नाव नीट तपासा. २०१२ मध्ये सिएटॅकची शांघाय आणि शेन्झेनची उपमंडळं वेगळी झाली, नवी नावं घेतली, आणि ‘शांघाय उपमंडळ’ असं लिहिलेल्या करारांचे धनी दोन झाले. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, करार नाव बदलण्याआधीचा की नंतरचा यावरून वाटणी करून दिली. दुसरं, ‘लवाद किंवा न्यायालय, हवं तिकडे जाता येईल’ असं भाबडेपणानं घालू नका. तिथे सूत्र आहे ‘ह्वो त्साय ह्वो शन’ : कात्री तरी, नाहीतर कचेरी तरी. दोन्ही दारं उघडी ठेवली की सहसा लवादाचं दार बंद होतं.

आणि निवाडा आपल्या बाजूनं लागला तरी तो वसूल व्हायला हवा. एकमेकांचे निवाडे मानायच्या न्यूयॉर्क करारात चीन १९८७ पासून आहे, आपण १९६० पासून. पण आपल्या कायद्याप्रमाणे समोरचा देश सरकारी राजपत्रात अधिसूचित लागतो, आणि चीन, हाँगकाँग, मकाव हे आपण अधिसूचित केले मार्च २०१२ मध्ये. तोवर चीनमधला निवाडा इथे परदेशी निवाडा म्हणून चालत नव्हता.

शांघायचा चहा :
सहीकडेही बघा. तिकडे कंपनीच्या गोल लाल शिक्क्याला, ‘गोंगजांग’ला, सहीपेक्षा जास्त मान. तो नसेल तर ‘सही करणाऱ्याला अधिकारच नव्हता’ हा वाद हमखास. पानं जास्त असली की ती पंख्यासारखी सरकवून कडेवर एकच शिक्का सगळ्यांवर मारतात, मधलं पान बदलता येऊ नये म्हणून. त्याला ‘छीफंगजांग’ म्हणतात, शिवणीवर स्वार झालेला शिक्का.

मोडीवाला :
अरे, आपल्याकडे कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवत आणि सांध्यावर मागून शिक्का उठवत! वर शिक्का, शेवटी मोर्तब. ‘शिक्कामोर्तब’ तिथूनच.

कागदकाम :
सर्वांची आभारी आहे. काल रात्री पुन्हा लिहिलं. व्यक्तीला ‘लवाद’, तिघांच्या गटाला ‘लवादमंडळ’, संस्थेला तिच्या पूर्ण नावासह ‘लवाद आयोग’, प्रक्रियेला ‘लवादी’ (वकील-वकिली, दलाल-दलालीच्या चालीवर). असं झालंय :

“या करारातून उद्भवणारा वा त्याच्याशी संबंधित कोणताही वाद चीन आंतरराष्ट्रीय आर्थिक व व्यापार लवाद आयोगाकडे सोपवला जाईल. अर्ज करतेवेळी अमलात असलेल्या आयोगाच्या नियमांनुसार लवादी चालेल. लवादमंडळाचा निवाडा अंतिम व दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहील.”

काकांनी दोनदा वाचलं. मग तुम्ही सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “बरं. एक पंच त्यांचा, एक आपला. तिसरा सरपंच कुणाचा?” मी म्हटलं, दोघांच्या सहमतीनं, नाहीतर आयोगाचे अध्यक्ष नेमतात. “आणि बोलायची भाषा कंची? ठाणं कुठलं? ते लिवलेलं दिसत न्हाई.”

मूळ चिनीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे खरंच नव्हतं. भावानं आज सकाळी त्यांच्या माणसाला कळवलंय, भाषा इंग्रजी आणि ठाणं हाँगकाँग टाका म्हणून. उत्तर यायचंय. लाल शिक्क्याचा तेवढा फोटो आलाय, कडेवरचा अजून नाही.