शफल लावल्यावर आपलाच संग्रह परत सापडतो. पटतंय का?

कानसेन
गेल्या महिन्यात जुन्या हार्ड डिस्कवरची गाणी नव्या डिस्कवर उतरवून घेतली. मोजली तर ६,३१२ भरली. वीसेक वर्षांत जमलेली: कॅसेटवरून उतरवलेली, सीडीवरून काढलेली, मित्रांनी दिलेली, विकत घेतलेली. कुठलं गाणं किती वेळा वाजलं याचा आकडा प्लेअर ठेवतो. त्या आकड्यानुसार यादी लावली आणि हबकलो. चार हजारांहून जास्त गाण्यांपुढे शून्य! फिरून फिरून तीच दीडदोनशे गाणी मी ऐकत होतो.

मग स्वतःला नियम घालून घेतला. सगळा संग्रह एकत्र, शफल (गाणी पिसून कुठल्याही क्रमाने लावण्याची प्लेअरची सोय) चालू, आलेलं गाणं पुढे ढकलायचं नाही, आणि संपेपर्यंत नाव बघायचं नाही. तिसऱ्या दिवशी सारंगी लागली, अकरा मिनिटं. हातातलं काम थांबलं. हे आपल्याकडे कुठून आलं, म्हणून शेवटी नाव पाहिलं तर मीच २००७ साली सीडीवरून काढून ठेवलेलं, तेही नीट नाव-साल भरून. म्हणजे तेव्हा मला ते आवडलं असणार.

माझं म्हणणं एवढंच की यादी समोर घेऊन बसलो की निवड आपली सवय करते. शफल त्या सवयीला बाजूला बसवतं. ज्यांच्याकडे मोठा संग्रह आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी हे करावं.

विलंबित
अजिबात सहमत नाही. माझ्याकडच्या बऱ्याच सीडींवर एकाच रागाचे दोन ट्रॅक केलेले आहेत, एकात विलंबित म्हणजे संथ लयीतलं, दुसऱ्यात द्रुत म्हणजे जलद लयीतलं गाणं. शफलमध्ये नुसता द्रुत येऊन आदळतो. अर्धा तास एकेक स्वर मांडून जी इमारत उभी केली, तिची गच्ची तेवढी आपल्याला दाखवायची? याला सापडणं म्हणत नाहीत.

गाण्यांच्या अल्बमचंही तेच. १९४८ साली एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली, एका बाजूला वीसबावीस मिनिटं मिळू लागली, आणि कशानंतर काय हे ठरवणं कलाकाराच्या कामाचा भाग झालं. २०२१ मध्ये गायिका अॅडेलच्या आग्रहावरून ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण बदललं, आधी तिथे शफल असायचं. अल्बम ठरवलेल्या क्रमानेच वाजावा, हे तिचं मागणं मला शंभर टक्के पटतं.

तीन मिनिटं
@विलंबित, एलपीच्या आधीचं काय? मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. लोक सुट्या तबकड्या घ्यायचे आणि मनाला येईल त्या क्रमाने लावायचे. मोठमोठ्या गवयांनी त्या तीन मिनिटांत राग उभा केलाय. सुटं गाणं म्हणजे तुटलेलं गाणं, असं धरून चालू नका.

विलंबित
तीन मिनिटांसाठी बांधलेलं तीन मिनिटांत पूर्णच असतं, त्यावर माझा आक्षेप नाही. पण लांब रचना तेव्हाही अनेक तबकड्यांवर विभागून, पुठ्ठ्याच्या वहीसारख्या बांधणीत विकत असत. ‘अल्बम’ हा शब्द त्या वहीवरूनच आला. आणि त्या तबकड्यांना क्रमांक असत. ऐकणाऱ्याने क्रम मोडू नये म्हणूनच ना?

गणिताची वही
शफल या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एक, पिशवीतून चिठ्ठी काढायची, वाचून परत पिशवीत टाकायची. दुसरी, पत्ते पिसायचे आणि गड्डी शेवटपर्यंत उलटत जायची. पहिल्या प्रकारात ६,३१२ गाणी वाजून झाली तरी सुमारे ३७ टक्के, म्हणजे २,३०० च्या वर गाणी एकदाही आलेली नसतात. त्यांच्या जागी दुसरी दोनदा-तीनदा येऊन गेलेली असतात. गड्डी पिसायची चोख रीत फिशर आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये कागदपेन्सिलीसाठी मांडली, संगणकाला सोयीचं तिचं रूप १९६४ मध्ये आलं.

आता खोच अशी की प्लेअर बंद करून उघडला की बरेचदा गड्डी नव्याने पिसली जाते. रोज वीस गाणी ऐकून बंद करत असाल तर तुमचा दुसरा प्रकार जवळजवळ पहिलाच होतो. कानसेन, आधी हे तपासा.

शिवाय एकाच गायकाची गाणी लागोपाठ आली की लोकांना पिसणं बिघडल्यासारखं वाटतं. २०० गाण्यांत एकाची २० असली तर चोख पिसलेल्या गड्डीतही त्याच्या लागोपाठच्या जोड्या सरासरी दोनेक निघतातच. अशा तक्रारींमुळेच अॅपलच्या आयट्यून्स या प्लेअरमध्ये २००५ साली ही जवळीक कमीजास्त करायची सोय आली, आणि २०१४ मध्ये स्पॉटिफायने एका कलाकाराची गाणी मुद्दाम पांगवायला घेतली. तेव्हा तुमची सवय बाजूला बसली असेल, पण तिच्या जागी प्लेअर बनवणाऱ्याची समजूत येऊन बसलेली असू शकते.

कानसेन
तपासलं. तुमचंच बरोबर, माझा प्लेअर दर वेळी नव्याने पिसत होता. आता सगळी यादी एकदाच पिसून फाइलमध्ये ठेवली आहे आणि रोज जिथे थांबलो तिथून पुढे जातो. मनापासून आभार.

विलंबित, तुमचा मुद्दाही घेतला. एका रागाचे ट्रॅक जोडून एकच फाइल केली. चाळीसेक होते, दोन संध्याकाळी गेल्या. काही प्लेअरमध्ये अख्खे अल्बम पिसता येतात, आतला क्रम तसाच राहतो. तेही करून बघणार आहे.

घासून पुसून
छोटी सूचना. जुनं ध्वनिमुद्रण हळू आणि नवं गाणं कानठळ्या बसवणारं, हा शफलमधला खरा त्रास. २००१ पासून रीप्लेगेन नावाची पद्धत आहे. ती गाण्याला हात न लावता त्याच्या आवाजाची पातळी मोजून टॅगमध्ये (फाइलमधल्या नाव-सालाच्या नोंदीत) लिहिते, आणि प्लेअर ते वाचून आवाज सारखा करतो. ते करून घ्या, नाहीतर जुनी गाणी नुसत्या आवाजावरच हरतात.

परत एकदा
माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. ६,३१२ गाणी, रोज वीस धरली तर एक फेरी पुरी व्हायला साडेदहा महिने. म्हणजे ती सारंगी पुन्हा ऐकायला जवळपास वर्ष. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. गाण्याबाबत तर हे प्रत्येकाने अनुभवलेलं आहे. पहिल्यांदा कोरडं वाटलेलं पाचव्यांदा उलगडतं. पूर्वी चारच कॅसेट असायच्या, म्हणून त्यातली नावडती गाणीसुद्धा शेवटी आपली झाली. शफल प्रत्येक गाण्याला एकच संधी देतं, आणि तीही तुम्ही भांडी घासताना. मी सहा महिने दहाच अल्बम ठेवले, बाकी सगळं बंद. मला त्यातून जास्त मिळालं.

कानसेन
याला माझ्याकडे उत्तर नाही. सारंगी त्यानंतर मी रोज ऐकतोय, पण शोधून, शफलमधून नव्हे. कदाचित शफलने दार दाखवायचं आणि आत आपण जायचं, एवढंच त्याचं काम असेल. पण दार दिसलंच नसतं तर?

शिकवणी
दार दिसण्याबद्दल सांगते. माझ्या गाण्यांतच गुरुजींच्या शिकवणीची ध्वनिमुद्रणं मिसळलेली होती, नाव न दिलेली. गाणं सोडून मला बारा वर्षं झाली. शफल लावून गाडी चालवत होते आणि मधेच तानपुरा, माझा आवाज, आणि त्यांचं “निषाद खाली राहतोय, परत घे.” गाडी बाजूला घ्यावी लागली. ते आता नाहीत. त्या आवाजाकडे मी माझ्या वेळेला, दार लावून जायला हवं होतं. दोन जाहिरातवजा गाण्यांच्या मधे तो मला नको होता. काही गोष्टी आपण लपवून ठेवलेल्या नसतात, जपून ठेवलेल्या असतात. शफलला हा फरक कळत नाही.

विलंबित
हे वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही.

कानसेन
शिकवणी, तुमचं वाचून मी आधी घरची सगळी ध्वनिमुद्रणं वेगळ्या फोल्डरमध्ये काढली. विचारू का, ते पुन्हा ऐकलंत?

शिकवणी
हो. काल, मुद्दाम बसून, तीनदा. निषाद खरंच खाली आहे. पण शफलमध्ये ते परत घालणार नाही.