सोसायटी ग्रुप, अलिबाग: आंब्याखालचा मलिदा

ए-१०४: येत्या रविवारी आंब्याखाली सतरंज्या, खुर्च्या आणि तीसेक माणसं. कोणाला विचारलं? मागच्या वर्षीसारखी माझी गाडी परत गेटबाहेर?

सेक्रेटरी: काका, आठ दिवस झाले, नोटीस लावली आहे. बी-३०२ च्या आजींचा मलिदा आहे.

सी-२०१: मलिदा? कमिटी खाते तोच का? 😄

सेक्रेटरी: ताई, हिशोब ऑफिसात आहे. केव्हाही येऊन बघा. रंगकामाचाही.

सी-२०१: गंमत केली हो. लागलं वाटतं.

ए-१०४: रंगकाम राहू दे. पार्किंगचं काय?

बी-१०३: मलिदा दर्ग्यात असतो ना? आजी तर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू.

बी-३०२: बाळा, तो चपातीचा. आमचा पोह्यांचा. पोहे धुवून निथळायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, जायफळ, बदाम. वर फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. एलियाहू हानबीचं, आमच्या प्रेषिताचं, नाव घ्यायचं आणि फळांवर बराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हणायची. झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीची वेगळी. केळ्याला जमिनीची, कारण केळीचं खोड दरवर्षी नवं येतं. मग वाटायचं.

ए-१०४: छान. पण इस्राएल आळीत तुमचं सिनेगॉग आहे की. इथेच कशाला? आणि पार्किंगचं काय?

बी-३०२: मागेन अबोथ १८४८ चं आहे, तिथे आम्ही जातोच. पण आमच्या पंचांगातल्या शबात महिन्याची १५ तारीख म्हणजे झाडांचं नववर्ष. ते झाडाखाली करावं असं माझ्या मनात असतं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला हानबीच्या रथाची खूण मानतात तो खडक आहे, पूर्वी तिथे जायचो. आता गुडघे ऐकत नाहीत.

बी-१०३: आणि तीस माणसं?

बी-३०२: तफिल्याला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, दहा पुरुष लागतात. १९४८ नंतर एकेक घर इस्रायलला गेलं, माझ्या दोघी बहिणीसुद्धा. पेणहून, ठाण्याहून भाचे बायकापोरांसह येतात तेव्हा कुठे दहा भरतात. नऊ झाले तर थांबून राहावं लागतं. गेल्या खेपेला दोन तास गेटकडे बघत बसले होते.

सी-२०१: आजी, पण पौर्णिमा आहे. आमच्याकडे सत्यनारायण. मटणाचा वास नको हं, प्लीज.

बी-३०२: तुझी पूजा दुपारी आटपते, आम्ही चारला बसतो. मटण घरातच शिजेल, नारळाच्या दुधातलं. मटणात दूधदही आम्हाला चालत नाही. आणि गणपतीत स्पीकर माझ्या खिडकीखाली असतो, तेव्हा मी काही म्हणत नाही.

सी-२०१: तसं नाही हो आजी…

सेक्रेटरी: विषय इथे थांबवूया.

ए-१०४: थांबवा, पण पार्किंगचं काय?

बी-१०३: काका, चौथ्यांदा विचारताय.

ए-१०४: उत्तर मिळालं नाही म्हणून. असो. गाडी शनिवारी रात्रीच बाहेर लावतो. पुढच्या सभेत पहिला विषय पार्किंग.

सेक्रेटरी: घेतो.

बी-३०२: भाऊ, देव भलं करो. खोबरं खवायला कोणी दोघी येतील का? सात नारळ आहेत, माझ्या एकटीने होणार नाही.