उन्हाळा, इथेनॉल आणि पेट्रोल इंजिनाचा जोर

उन्हाळ्यात गाडीचा जोर कमी होतो तो केवळ २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे, असा एक दावा केला जातो; त्यात हवेच्या तापमानाचा वाटा निसटला आहे. दाब तोच असताना हवा २० अंश सेल्सिअसवरून विदर्भातल्या मे महिन्याच्या ४५ अंशांवर गेली, की तिची घनता सुमारे ८ टक्क्यांनी घटते, म्हणजे सिलिंडरमध्ये तेवढाच ऑक्सिजन कमी जातो आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा असताना जोरही साधारण त्याच प्रमाणात उतरतो. शांतपणे चालवताना हे जाणवत नाही, कारण थ्रॉटल थोडा अधिक उघडून भरपाई होते.

याहून गंभीर परिणाम नॉकिंगचा, म्हणजे इंधन-हवेचे मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याचा, आहे. गरम हवेमुळे दाबलेल्या मिश्रणाचे तापमान वाढते, ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण पेटू लागते, आणि नॉक सेन्सरकडून संकेत मिळताच ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचते, पण जोर आणि मायलेज दोन्ही घटतात. हवा दाबून भरणाऱ्या टर्बो इंजिनात तर ती दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर धुळीने माखला असेल तर हे फारच लवकर होते.

इथे इथेनॉलच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्याचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेचा अंक, जास्त आहे आणि बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते, त्यामुळे नॉकिंगला आळा बसतो. मात्र प्रतिलिटर ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असल्याने मायलेज घटल्याची तक्रार रास्तच आहे.